बदलांची वही

ज्या यंत्रणेच्या एका चुकीने माणसांचा जीव जाऊ शकतो, तिच्याकडून नेमकी काय अपेक्षा आहे हे बांधणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावे लागते. गाडी किती डब्यांची, तारेत वीज किती दाबाची, दोन गाड्यांमध्ये अंतर किती, फलाट किती उंच, पुलावर भार किती. हे आकडे सुटे नसतात. एक आकडा दुसऱ्याच्या भरवशावर ठरलेला असतो. अडचण पुढे येते. यंत्रणा पन्नास-शंभर वर्षे चालते आणि तेवढ्या काळात अपेक्षा तशाच राहत नाहीत. गर्दी वाढते, विजेचे तंत्र बदलते, न्यायालय एखादा आदेश देते, एखाद्या अपघातानंतर नियम कडक होतात. मूळ कागदावरचा एक आकडा खोडून नवा लिहिणे सोपे असते. त्या आकड्यावर विसंबलेल्या बाकीच्या सगळ्या आकड्यांचे काय झाले हे शोधून काढणे, हे सुरक्षा-अभियांत्रिकीतले सर्वांत कष्टाचे काम आहे.

मुंबईची उपनगरी रेल्वे हे या कामाचे देशातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणता येईल. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे जिच्या आधाराने वाढली, त्या लोकलने करोनापूर्व काळात दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी वाहिले. ती बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही. जे बदलायचे ते रात्रीच्या शेवटच्या गाडीनंतर आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी, नाहीतर रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये. मध्य रेल्वेवर ज्याला मेगाब्लॉक म्हणतात तोच पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक होतो. सोमवारी सकाळी मात्र नवे आणि जुने एकत्र, एकमेकांना धक्का न लावता चालले पाहिजे.

पंधराशे व्होल्ट ते पंचवीस हजार

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे सीएसएमटी) ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. वीज होती १५०० व्होल्ट डीसी. १९२८ साली बीबी अँड सीआय या रेल्वे कंपनीने कुलाबा ते बोरिवली हा मार्ग त्याच पद्धतीने विजेवर आणला आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोहोचली. त्या काळी हा निर्णय अगदी योग्य होता. पुढे १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी ही पद्धत स्वीकारली. देशभर नवे मार्ग एसीवर गेले आणि मुंबई डीसीवर राहिली.

गर्दी वाढली, नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, फेऱ्या वाढल्या, तेव्हा डीसीची मर्यादा जाणवू लागली. तेवढीच शक्ती १५०० व्होल्टवर पोहोचवायची तर २५ हजार व्होल्टच्या तुलनेत सोळा-सतरा पट जास्त प्रवाह तारेतून न्यावा लागतो. त्यासाठी जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागतात. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात डीसी ते एसी रूपांतर हाती घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा चर्चगेट-विरार मार्ग पूर्ण झाला, जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला गेलेल्या लोकलने एक्क्याण्णव वर्षांच्या डीसीचा निरोप घेतला.

कागदावर बदल एका ओळीचा होता: १५०० च्या जागी २५०००. प्रत्यक्षात त्या ओळीने किती ठिकाणी हात घातला ते पाहण्यासारखे आहे. पहिला परिणाम उघड होता. दाब जास्त म्हणून तारेपासून पुलापर्यंतचे मोकळे अंतरही जास्त हवे, सुमारे तीस सेंटीमीटर. ब्रिटिश काळातले दगडी आणि लोखंडी पूल इतक्या उंचीचे नव्हतेच. अशा ठिकाणी तीनच मार्ग उरतात: पूल उचलायचा किंवा पाडायचा, रूळ खाली घ्यायचे, नाहीतर तार खाली ठेवून गाड्यांचा वेग कमी करायचा. रूळ खाली घेतले की पावसाळ्यात तिथे आधी पाणी भरते. वेग कमी केला की वेळापत्रक कोलमडते. हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत आणि कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पाडला गेला, त्यामागे त्यांचे वय होतेच, पण त्यांची कमी उंचीही होती.

दुसरा परिणाम प्रवाशाला कधीच दिसत नाही आणि सुरक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक होता. गाडी कुठे उभी आहे हे सिग्नलला रुळांतूनच कळते. रुळांच्या एका तुकड्यात एका टोकाकडून हलका प्रवाह सोडतात, दुसऱ्या टोकाला एक रिले तो प्रवाह घेऊन उचललेला राहतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके-आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह वाटेतच वळतो, रिले खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. वायर तुटली, बॅटरी संपली, रूळ मोडला, तरी रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, अशी ही रचना आहे.

आता याच रुळांतून इंजिनाचा परतीचा प्रवाहही उपकेंद्राकडे जातो. डीसीच्या काळात परतीचा प्रवाह डीसी, म्हणून सिग्नलचा प्रवाह मुद्दाम एसी ठेवलेला होता. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून. रूपांतरानंतर परतीचा प्रवाह स्वतःच ५० हर्ट्झचा एसी झाला. जुनी सिग्नल-रचना तशीच ठेवली असती तर गाडी रुळावर उभी असतानाही इंजिनाचा भरकटलेला प्रवाह रिलेला उचलून धरू शकला असता आणि मागच्या गाडीला हिरवा दिवा दिसला असता. सुरक्षा-अभियंत्यांना सर्वांत जास्त भीती याच प्रकारच्या बिघाडाची असते, कारण तो गाडी थांबवत नाही, पुढे पाठवतो. म्हणून वीज बदलायच्या आधी वेगळ्या वारंवारतेवर चालणारी रूळ-मंडले आणि चाकांची मोजणी करणारी यंत्रे बसवावी लागली. शेजारून जाणाऱ्या दूरसंचार केबलींमध्ये एसीमुळे वीज उतरते, त्यांचीही आवरणे आणि जमिनीशी जोडणी नव्याने करावी लागली. विजेचा विभाग एक, सिग्नलचा दुसरा, पूल तिसऱ्याकडे, गाड्या चौथ्याकडे. आणि बदल चौघांचा मिळून एकच.

मधली काही वर्षे तर आणखी अवघड होती. मार्गाचा काही भाग एसी, काही डीसी. त्यासाठी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या; २००७ पासून धावू लागलेले सीमेन्स विद्युत-यंत्रणेचे रेक त्यातलेच. दोन विजांच्या सीमेवर तारेचा एक मृत टप्पा ठेवलेला असे. मोटरमन तिथून गाडी स्वतःच्या वेगावर पुढे काढी आणि तेवढ्या वेळात गाडीची यंत्रणा एका विजेवरून दुसरीवर जाई. ही तात्पुरती अवस्था कायमच्या अवस्थेइतकीच काटेकोर आखावी लागते. मोठ्या बदलांतले बरेच अपघात मधल्या काळात घडतात, जेव्हा जुना नियम सुटलेला असतो आणि नवा अजून हाताला लागलेला नसतो. मुंबईत हे रूपांतर प्रवासी वाहतूक सुरू ठेवून पार पडले. त्याचे जितके कौतुक व्हायला हवे होते तितके झाले नाही.

उंचीचा आकडा मात्र रूपांतर होऊनही पुन्हा आडवा आलाच. एप्रिल २०१६ मध्ये पहिली वातानुकूलित लोकल मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये आली. कुर्ला ते सीएसएमटी दरम्यानच्या बुटक्या पुलांखालून ती जाईना, एवढी तिची उंची होती. शेवटी ती पश्चिम रेल्वेला दिली गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली. गाडीचा आराखडा चेन्नईच्या कारखान्यात, पूल मुंबईत. छतावर वातानुकूलन यंत्र बसवले की गाडी किती उंच होते आणि त्या उंचीवर कुणाचा हक्क आधीपासून आहे, हा प्रश्न आराखड्याच्या वेळीच विचारायचा होता. मध्य रेल्वेच्या वातानुकूलित गाड्यांची उंची पुढे कमी ठेवावी लागली.

डबे वाढले, फलाट वाढला

बारा डब्यांवरून पंधरा डब्यांवर जाणे विजेच्या मानाने साधे. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल २००९ मध्ये आली, मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये. अंधेरी-विरार धीम्या मार्गावर ती जून २०२१ पासून धावू लागली. गाडी सुमारे ३२० मीटर लांब झाली. फलाट वाढवावे लागले हे कुणालाही दिसते. फलाटाच्या टोकाचा सिग्नल पुढे सरकवावा लागतो, तो सरकला की त्याच्या पुढे राखायचे किमान १२० मीटरचे सुरक्षित अंतरही पुढे सरकते, आणि त्या अंतरात रूळ बदलणारा एखादा पॉइंट येत असेल तर सगळी आखणी पुन्हा करावी लागते. हे फक्त सिग्नल विभागाच्या नकाशात दिसते. जलद मार्गावरून धीम्या मार्गावर तीच गाडी आणायला अकरा-बारा वर्षे लागली, याचे कारण इथे आहे.

फलाटाची फट

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात एक कॉलेजची मुलगी गाडी पकडताना गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीत सापडली आणि तिचे दोन्ही हात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची दखल घेतली आणि फलाटांची उंची वाढवण्याचे काम वेगाने सुरू झाले. रेल्वेच्या नियमात उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असायचा. मुंबईच्या उपनगरी मार्गासाठी ९०० ते ९२० मिलिमीटरची मुभा देण्यात आली. लोकलच्या डब्याची जमीन मात्र रुळापासून साधारण सव्वा मीटरवर. म्हणजे फट कमी झाली, संपली नाही.

ती संपवून टाकायला काय हरकत होती, असा प्रश्न प्रवासी रास्तपणे विचारतात. उत्तर पुन्हा शेजारच्या आकड्यात आहे. बोरिवली, अंधेरीसारख्या स्थानकांत त्याच फलाटांना लांब पल्ल्याच्या गाड्याही लागतात. त्यांच्या डब्यांच्या पायऱ्या दाराबाहेर खाली उतरलेल्या असतात. फलाट फार वर आणला तर त्या घासतील. त्यात रूळही जागचे हलतात. खडी टाकून यंत्राने रूळ बसवले की ते काही मिलिमीटर वर येतात, पुढच्या वर्षी पुन्हा. दोन-चार वर्षांत फलाट न हलताच बुटका होतो. म्हणजे फलाटाची उंची ही एकदाच पूर्ण करायची मागणी नाही. रूळ-विभागाने खडी टाकली की स्थानक-विभागाला कळले पाहिजे, अशी ती कायमची जोडलेली मागणी आहे.

एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो ७ वर, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या वर, गाडीची जमीन आणि फलाट एका पातळीत आहेत आणि फलाटाच्या कडेला दरवाजे आहेत. गाडी, फलाट, दरवाजा तिन्ही एकाच वेळी एकाच कागदावर आखले गेले होते. लोकलला तो लाभ मिळालेला नाही. तिच्या प्रत्येक भागाचे जन्मसाल वेगळे आहे.

अंधेरीचा गोखले पूल

आतापर्यंतचे सगळे बदल जाहीर होते. त्यांची निविदा निघाली, मंजुरी मिळाली, रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणी केली. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. गाड्या चालवणाऱ्याने स्वतःच्याच गाड्यांना सुरक्षिततेचा दाखला देऊ नये म्हणून. अंधेरीचा पूल सांगतो ती गोष्ट अशा बदलांची आहे, जे कुणी जाहीर केलेच नाहीत.

अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ सालचा. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास, मुसळधार पावसात, त्याचा पदपथ कोसळून थेट रुळांवर पडला. समोरून येणाऱ्या लोकलच्या मोटरमनने पूल पडताना पाहिला आणि आपत्कालीन ब्रेक लावून गाडी जेमतेम अलीकडे थांबवली. पाच जण जखमी झाले, त्यातल्या दोघांचा पुढे मृत्यू झाला. ओव्हरहेड वायर तुटली आणि पश्चिम रेल्वे कित्येक तास ठप्प झाली.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन कारणे एकत्र आली. पदपथ तोलून धरणारे लोखंड गंजलेले होते, आणि त्याच पदपथावर मूळ आराखड्यात नसलेला भार चढलेला होता: केबली, वाळू, पेव्हर ब्लॉक. पुलाच्या मुख्य गर्डरांच्या बाहेर ब्रॅकेटवर काढलेला हा भाग माणसांच्या वजनासाठी होता. पुढच्या चाळीस वर्षांत अंधेरी गोदामांची आणि कारखान्यांची अंधेरी राहिली नाही. कार्यालये, स्टुडिओ, दूरसंचार कंपन्या आल्या आणि रूळ ओलांडायला केबलींना पुलासारखी सोयीची वाट दुसरी नव्हती. एक केबल टाकल्याने पूल पडत नाही. दुसरीनेही नाही. केबल झाकायला वाळू, वाळूवर फरशी. प्रत्येक वेळी परवानगी देणाऱ्याच्या समोर फक्त ती एक केबल होती. आधीच्या सगळ्या केबली मिळून किती भार झाला याची बेरीज मांडलेला कागद कुणाच्याच टेबलावर नव्हता.

रुळांवरचा पूल म्हटला की त्याचे दोन पालक असतात. पोहोचरस्ते महापालिकेचे, रुळांवरचा भाग रेल्वेच्या देखरेखीखाली. अपघातानंतर निगा कुणाची यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला. मुंबई महापालिका आणि रेल्वे या दोन्हींकडे सक्षम अभियंते आहेत. कमतरता बुद्धीची नव्हती. भार वाढवणारा एकीकडे आणि भार तपासणारा दुसरीकडे असला की यंत्रणेची गरज बदलते आणि तपासणी मात्र जुन्याच गरजेप्रमाणे होत राहते. तपासणीसाने गंज पाहायचा, तडे पाहायचे. पदपथ आता माणसांशिवाय आणखी काय वाहतो हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नसला तर तो विचारणार कसा? या अपघातानंतर आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन शहरातल्या रेल्वे मार्गांवरच्या ४४५ पुलांची तपासणी ठरली.

आधीच्या वर्षी एल्फिन्स्टन रोडला जे घडले तेही याच जातीचे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. परळच्या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, उतरणाऱ्या माणसांची संख्या पालटली, पूल तोच राहिला. मनोऱ्यांच्या मंजुरीची फाइल आणि पुलाची फाइल यांची कुठेही गाठ पडत नव्हती.

गोखले पुलाची दुसरी फेरी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पूल वाहतुकीस बंद करून पाडण्यात आला आणि नवा बांधायला घेतला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा जुहूच्या दिशेने जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल, जो जुन्या गोखले पुलाला जोडलेला होता, नव्या पुलापेक्षा सुमारे दीड ते दोन मीटर खाली राहिलेला लोकांना दिसला. वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांवर भरपूर टीका झाली. मधल्या काळात रुळांवरच्या पुलांसाठी रेल्वेने मोकळ्या उंचीचा निकष वाढवला होता, म्हणून नवा पूल उंच झाला, असे महापालिकेचे स्पष्टीकरण होते.

म्हणजे रुळांवर एसी वीज आणि उंच गाड्या यांच्यासाठी ठरलेला उंचीचा निकष अंधेरी पश्चिमेच्या रस्त्यापर्यंत पोहोचला, आणि वाटेतला एक सांधा आधीच मोजायचा राहून गेला. पुढे आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय यांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पुलाची टोकाची बाजू खालून जॅक लावून उचलण्यात आली. एका कडेला ही उचल दुसऱ्या कडेपेक्षा जास्त होती. जुलै २०२४ मध्ये जोड खुला झाला आणि ११ मे २०२५ रोजी गोखले पूल पूर्ण सुरू झाला. दोन पुलांमधली ही पायरी कुणाच्या जिवावर उठली नाही, पण सुरक्षेच्या यंत्रणेतला बदल शेजारच्या माणसाला न कळता कसा पुढे जातो हे इतके उघड्या डोळ्यांनी क्वचितच पाहायला मिळते.

वायर आणि कागद

जगभरात या कामाची एक शिस्त तयार झाली आहे. रेल्वेसाठी युरोपातून आलेली ५०१२६, ५०१२८, ५०१२९ ही मानके आज मेट्रोपासून गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' या देशी यंत्रणेपर्यंत सर्वत्र वापरली जातात. त्यांचा गाभा थोडक्यात असा: प्रत्येक मागणीला क्रमांक असतो, ती कोणत्या धोक्यामुळे आली, कोणत्या आराखड्यात उतरली आणि कोणत्या चाचणीने सिद्ध झाली याचा मागोवा दोन्ही दिशांनी काढता आला पाहिजे. धोक्यांची एक वही असते आणि यंत्रणा मोडीत निघेपर्यंत ती बंद होत नाही. बदलाचा अर्ज आला की आधी परिणामांचा शोध, मग मंजुरी, आणि ज्याने बदल केला त्याच्याखेरीज दुसऱ्याने केलेली तपासणी.

ही शिस्त ढिली पडली की काय होते याचे उदाहरण दूर जाऊन शोधावे लागत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळूनही शेजारच्या मार्गावर वळली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे गेली. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण सापडले ते सिग्नलच्या मंडलात पूर्वी झालेल्या फेरफारातल्या त्रुटींमध्ये, आणि फाटक क्रमांक ९४ चा विजेचा अडथळा बदलण्याच्या कामात. जागेवरच्या वायरी आणि त्यांच्यावरच्या खुणा एकमेकांशी जुळत नव्हत्या. फाटक बदलणे हे काम किती लहान! पण ते करणारा कामगार ज्या नकाशावर विश्वास ठेवून वायर जोडत होता तो नकाशाच खोटा झालेला होता.

लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनला १२ डिसेंबर १९८८ रोजी ३५ जण मृत्युमुखी पडले, तेही सिग्नल-नूतनीकरणाच्या कामात एक जुनी वायर पूर्ण न काढल्यामुळे. ती पुन्हा टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झाला नाही. चौकशीत असेही निघाले की ते काम करणारा तंत्रज्ञ कित्येक आठवडे जवळजवळ सुट्टीविना काम करत होता. रात्री एक ते चारच्या ब्लॉकमध्ये, पावसात, हातातल्या विजेरीच्या उजेडात पेटीतल्या वायरी मोजणाऱ्या मुंबईच्या सिग्नल-कामगाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्याची झोप हाही सुरक्षेचाच एक आकडा आहे आणि तो वेळापत्रक आखणाऱ्यांच्या हातात असतो.

विमानांच्या जगात बोइंग ७३७ मॅक्सचे प्रकरण घडले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणाऱ्या प्रणालीला आधी शेपटीचा पंखा ०.६ अंश हलवण्याची मुभा होती. चाचण्यांनंतर ती २.५ अंश केली गेली. धोक्याचे गणित मात्र जुन्या आकड्यावर उभे राहिले आणि प्रणाली एकाच संवेदकाच्या भरवशावर होती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमाने कोसळून ३४६ माणसे गेली. आकडा चौपट झाला तरी त्या आकड्यावर बेतलेले विश्लेषण पुन्हा कुणी उघडले नाही.

दरवाजे आणि कवच

मुंबईत आज दोन मोठे बदल एकाच वेळी दारात उभे आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातले काही दगावले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केले की पुढच्या सगळ्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील आणि बिगरवातानुकूलित गाड्यांनाही तसे दरवाजे बसवले जातील. मागणी न्याय्य आहे, कित्येक वर्षांची आहे. पण दार बंद झाले की आत हवा कुठून येणार? गर्दीच्या वेळी चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसे उभी असतात. म्हणून दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रे, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता यावे यासाठी जोडमार्ग, असा आराखडा रेल्वेने मांडला.

पुढे प्रश्नांची माळ लागते. दार मिटल्याशिवाय गाडी सुटू नये, हे सुरक्षेचे मूळ तत्त्व. वातानुकूलित लोकलमध्ये ते आहेच. पण अंधेरीला एका दारात बॅग अडकली की सगळी गाडी थांबते, मागची गाडी थांबते, आणि फलाटावरची गर्दी वाढत जाते. स्थानकातला थांबा वीस-तीस सेकंदांचा. दार उघडायला-मिटायला त्यातली काही सेकंदे जातात. सेकंद वाढले की दोन गाड्यांमधले तीन मिनिटांचे अंतर टिकत नाही. वीज गेली आणि गाडी दोन स्थानकांच्या मध्ये अडकली तर छतावरची हवा किती वेळ चालेल, आतून दार कसे उघडायचे, उघडल्यावर शेजारच्या रुळावरची गाडी कोण थांबवणार? पावसाळ्यात रुळांवर पाणी चढले की गाडीखालची यंत्रे बंद ठेवावी लागतात, तेव्हा या मिटलेल्या दारांचे काय? यातले एकही उत्तर दरवाजा बनवणाऱ्या कारखान्यात मिळत नाही.

दुसरा बदल सिग्नलचा. मुंबईच्या लोकलमध्ये १९८०-९० च्या दशकांपासून साहाय्यक इशारा यंत्रणा आहे. रुळांमधल्या चुंबकाकडून गाडीला सिग्नलचा रंग कळतो, पिवळ्या सिग्नलला मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून दखल द्यावी लागते आणि लाल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेल्या नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात गाडी आणि नियंत्रणकक्ष यांचे सतत बोलणे ठेवणारी, परदेशी मेट्रोंतल्यासारखी सिग्नल-प्रणाली होती. नंतर रेल्वेने मुंबईसाठी देशी 'कवच'च्या ५.० आवृत्तीची घोषणा केली. लखनऊच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने विकसित केलेले कवच रेडिओ आणि रुळांमधल्या खुणा यांच्या मदतीने गाडीची जागा आणि वेग ताडते आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावते. ते सुरक्षेच्या सर्वोच्च, म्हणजे चौथ्या पातळीचे आहे. मुळात ते लांब पल्ल्याच्या मार्गांवरची टक्कर टाळण्यासाठी घडले. मुंबईत त्याच्याकडून दुसरीच अपेक्षा आहे: तीन मिनिटांचे अंतर दोन-अडीच मिनिटांवर आणायचे आणि सुरक्षितता तसूभरही कमी होऊ द्यायची नाही. एकाच यंत्रणेला दोन वेगळी कामे सांगितली की तिचे सगळे सुरक्षा-गणित नव्या कामासाठी पुन्हा मांडावे लागते. आधीच्या आवृत्तीला मिळालेला दाखला तिला लागू पडत नाही.

शिवाय बदल एका रात्रीत होणार नाही. काही रेकवर कवच, काहींवर जुनी यंत्रणा, काहींवर दोन्ही, असा काळ येणारच, जसा डीसी-एसीच्या वेळी आला होता. त्या काळात मोटरमनच्या समोर दोन पडदे आणि दोन प्रकारचे इशारे असतील. दोघांचे म्हणणे वेगळे पडले तर कुणाचे ऐकायचे, हे वर्गात ठरवून सराव करून घ्यायचे असते. तो प्रश्न बोरिवलीच्या बाहेर पावसात, पिवळ्या सिग्नलसमोर पहिल्यांदा पडता कामा नये. दाराचा थांबा वाढला तर कवचने वाचवलेली सेकंदे दारातच खर्च होतील, म्हणून दारांचा आराखडा करणारा विभाग आणि कवच बसवणारा विभाग यांनी सेकंदांचा हिशेब एकाच कागदावर मांडायला हवा. रेक चेन्नईला बनतात, कवचचे निकष लखनऊला ठरतात, वेळापत्रक चर्चगेट आणि सीएसएमटीला. नवा रेक कारखान्यातून निघण्याआधी आणि सुरक्षा आयुक्तांकडे मंजुरीला जाण्याआधी हा हिशेब जुळलेला असावा लागेल.